रेंजपलीकडची गाणी

अ‍ॅपल कंपनीने १० मे २०२२ रोजी आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि खिशात मावणाऱ्या संगीतयंत्राचे मृत्युलेख जगभर छापून आले. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१चा. पाच गिगाबाइटची फिरती चकती, त्यावर हजार गाणी, किंमत ३९९ डॉलर. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हा पाहुणा फारसा कधी उतरलाच नाही, त्यामुळे त्याचं सुतकही कुणाला लागलं नाही. पण त्याच मे महिन्यात करंजा, बोडणी, थळ, साखर, एकदरा, भरडखोल किंवा श्रीवर्धनच्या जीवना बंदरावर कुणी नुसतं उभं राहिलं असतं, तर मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी जरा घाईच केली हे त्याच्या ध्यानात आलं असतं. हंगाम संपत आलेला, बोटी शेवटच्या फेऱ्या मारून परतत होत्या आणि केबिनमध्ये गाणी वाजत होती. बॅटरीला जोडलेला प्लेअर आणि त्याच्या तोंडात नखाएवढा पेनड्राइव्ह. खलाशी या यंत्राला अजून ‘टेप’च म्हणतात. त्यात फीत नाही, कॅसेट नाही, पण नाव बदलायची गरज कुणाला वाटलेली नाही.

शहरातल्या माणसाला पेनड्राइव्ह आता जुनाट वाटतो. गाणं हवं तेव्हा हवेतून येतं, मग साठवायचं कशाला? या प्रश्नाचं उत्तर समुद्रात आहे. किनाऱ्यावरचा मोबाइल टॉवर चाळीस मीटर उंच असला, तरी पंचवीस-तीस किलोमीटरनंतर त्याच्या आणि बोटीच्या मध्ये पृथ्वीची गोलाईच आडवी येते. जुन्या जीएसएम यंत्रणेत तर ३५ किलोमीटरची मर्यादा आखूनच दिलेली होती. फोनचा संदेश टॉवरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ त्यापुढे हिशेबात बसत नसे, मग हवा कितीही स्वच्छ असो. डोलीची छोटी होडी भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून घरी परतते, तिला याचा जाच कमी. ट्रॉलरचं तसं नाही. आठ-दहा दिवसांची फेरी असते आणि त्यातले बहुतेक दिवस रेंजपलीकडे जातात. वायरलेस असतो, जीपीएस असतो, संकटात हाक मारायचं यंत्र असतं, पण त्यांतलं एकही गाणं म्हणत नाही. रेडिओचाही भरवसा ठरावीक टापूपुरताच. मुंबईची एफएम केंद्रं पाण्यावरून मांडवा-किहीम-अलिबागपर्यंत चांगली लागतात, मुरूड-श्रीवर्धनकडे जावं तशी डोंगरांमागे खरखरू लागतात. म्हणून बर्फ, डिझेल, पाणी, तांदूळ आणि मसाल्याबरोबर गाणीही बंदरातच भरून घ्यावी लागतात. आयपॉडच्या मृत्युलेखांत ही गोष्ट कुठे नव्हती, कारण ते लिहिणाऱ्यांपैकी कुणाचा फोन सलग आठ दिवस मुका झालेला नसावा.

किनाऱ्यावर गाणं बरोबर वागवायची सवय जुनी आहे. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागातल्या कोकणी मुसलमान घरांतले पुरुष पूर्वीपासून जहाजांवर आणि पुढे कुवेत, दुबई, मस्कतला नोकरीला. त्यांच्या सामानातून टू-इन-वन आले. सोनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीला आला आणि पुढच्या दशकात तोही याच वाटेने गावोगावच्या ओटीवर पोहोचला. त्याच काळात कॅसेट स्वस्त झाली. एचएमव्हीच्या तबकडीवरचं कोळीगीत म्हणजे शांता शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, हेमंतकुमार आणि लताबाईंचे गळे. सुंदरच. पण तो स्टुडिओतून पाहिलेला दर्या. कॅसेटने गावच्या माणसाला त्याच्याच गळ्यातलं, त्याच्याच बोलीतलं गाणं विकत दिलं. वेसावकर आणि मंडळींची गाणी वरसोवा गावातून निघाली आणि रायगडच्या प्रत्येक कोळीवाड्यात हळदीला वाजली. दक्षिण रायगडात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांच्या कॅसेटी गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशवीतून येत. बोटीवर मात्र कॅसेट टिकत नसे. खाऱ्या हवेत फीत चिकटायची, हेड गंजायचं, आणि पावसाळ्यात पेटीत ठेवलेल्या कॅसेटींवर पांढरी बुरशी धरायची.

डिजिटल प्लेअर आला तो थेट मुंबईच्या बाजारातून, आणि त्याच्या येण्याचा रस्ता मासळीनेच आखून दिला होता. रायगडच्या बोटींची मासळी ससून गोदीला किंवा भाऊच्या धक्क्याला उतरते. तिथून क्रॉफर्ड मार्केटजवळचं मनीष मार्केट कितीसं लांब! मासळीचा हिशेब झाला, बर्फ भरेपर्यंत चार तास मोकळे मिळाले, की तरुण खलाशी तिकडे. दोन हजार दहाच्या आगेमागे तिथे चिमटा लावलेले, पडदा नसलेले, काड्यापेटीहून लहान प्लेअर शे-दोनशे रुपयांत मिळत. आत स्वतःची साठवण नाही, कार्ड तुमचं तुम्ही घाला. अमेरिकेत १९९८ साली आलेल्या डायमंड रिओ या प्लेअरची साठवण होती ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी. तो विकू नये म्हणून तिथल्या रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९९९ साली अपिलात हरल्या. दहा-बारा वर्षांत तेच काम करणारं खेळणं मासळीच्या एका पाटीहून स्वस्त झालं. कोर्टाचा तो निकाल वेगळा लागता, तर हा धंदा इतक्या निर्धास्तपणे वाढला असता का, याची मला शंका आहे.

पण या किनाऱ्यावर खरं राज्य केलं ते चायना मोबाइलने. तैवानच्या मीडियाटेकची तयार चिप, शेन्झेनमध्ये जोडलेला फोन, मागे दोन-चार स्पीकर, दोन सिमच्या जागा आणि कार्डाची खाच. आवाज इतका मोठा की शेजारची बोटही ऐके. ३० नोव्हेंबर २००९ रोजी सरकारने वैध आयएमईआय क्रमांक नसलेल्या फोनची सेवा तोडायला लावली. देशभर असे फोन एका रात्रीत मुके झाले, असं तेव्हा म्हटलं गेलं. ते अर्धंच खरं. टॉवरने फोनला ओळख नाकारली होती, फोनच्या आतल्या कार्डाला नाही. कॉल बंद झालेला फोन गाणी वाजवतच राहिला आणि समुद्रावर तसाही कॉल कुठे लागत होता? सरकारने मोडीत काढलेल्या फोनला बोटीवर नोकरी मिळाली. डिजिटल म्युझिक प्लेअर या जातीचं इतकं सरळ पुनर्वसन दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही.

या सगळ्याच्या मध्यभागी होतं मोबाइलचं दुकान. एसटी स्टँडजवळ, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन माणसांना उभं राहता येईल एवढं. काउंटरवर जुना संगणक आणि काचेवर ‘गाणी भरून मिळतील’. दहा-वीस रुपये दिले की कार्ड भरून मिळे. हिशेब सोपा आहे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक मेगाबाइट लागतो, चार मिनिटांच्या गाण्याला चार. म्हणजे चार जीबीच्या कार्डात हजार गाणी. आयपॉडची ती मिरवलेली हजार गाणी, पण नखावर ठेवलेली. गिऱ्हाईक गाण्यांची नावं सांगत नसे, प्रकार सांगत असे: ‘एकवीरा टाक, हळद टाक, जुनी हिंदी टाक, बाकी तुझ्या मनाने.’ दुकानदाराच्या मनाने भरलेली ती बाकी गाणीच पुढे अख्ख्या बंदराची आवड होऊन बसली. अभिरुची कोण घडवतं यावर परिसंवाद पुष्कळ झाले, त्यांत या दुकानदाराला कुणी बोलावल्याचं ऐकिवात नाही.

इथे यंत्राची एक खोड सांगण्यासारखी आहे. स्वस्तातले प्लेअर गाण्यांची नावं अकारविल्हे लावत बसत नाहीत. कार्डावर फायली ज्या क्रमाने उतरल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. पडदा असलाच तर तांबड्या आकड्यांचा, त्यावर नावाऐवजी क्रमांक. त्यामुळे एकाच दुकानातून भरलेल्या कार्डांवर क्रमही तोच, आणि गाण्याला नावाऐवजी नंबर चिकटतो. पहिले चार-पाच एकवीरेचे, कारण कार्ल्याची आई आगरी-कोळ्यांची कुलदेवता आणि सकाळी दुसरं काही लावायचं नसतं. मग कोळीगीतं. मग पुढे कुठेतरी हळदीची. ‘एकशे सत्तेचाळीस लाव’ एवढं म्हटलं की काम भागतं. राजपुरी-दिघीकडच्या मुसलमान मच्छीमारांच्या कार्डाची सुरुवात नातने किंवा कव्वालीने होते. आणि अलीकडे कोकणच्या बोटींवर खलाशी म्हणून उत्तर प्रदेशची, नेपाळची मुलं मोठ्या संख्येने आली, तसा कार्डाचा शेवटचा भाग भोजपुरी आणि नेपाळी झाला. बोटीवर कोण कुठून आलंय हे विचारायची गरज नाही, कार्ड शेवटपर्यंत वाजू द्यावं. टेपवर हात कुणाचा, यावरून तंटे होतात. बहुतेक बोटींवर पाळ्या लागतात आणि जाळं ओढायच्या वेळी तांडेलाची निवड चालते.

आता गाणं ऐकू कसं येतं, ते. सहा सिलिंडरचं इंजिन पायाखाली धडधडत असतं आणि त्याचा खालच्या पट्टीतला गुरगुराट अख्ख्या लाकडी सांगाड्यातून अंगात शिरतो. गाण्यातला ढोलकीचा, बेसचा सगळा भाग त्यात बुडून जातो. वर तरतात बायकी गळे, सनई, बँजो. तिखट, मधल्या-वरच्या पट्टीतले आवाज. कोळीगीतांच्या साथीला बँजो आणि कॅसिओ इतका का आवडला असेल, याचं एक कारण मला इथे दिसतं, पण हा माझा तर्क, अभ्यास नव्हे. एमपीथ्रीचं तंत्रही याच तत्त्वावर उभं आहे. जर्मनीत एर्लांगनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रचलं. मोठा आवाज शेजारच्या लहान आवाजाला कानाआड करतो, मग कानाला न कळणारा तो लहान आवाज साठवायचाच कशाला? हे वगळत गेलं की सीडीवरचं गाणं अकरा-बारा पट लहान होतं. शहरातले शौकीन या वगळण्यावर नाक मुरडतात आणि महागडे हेडफोन लावून हरवलेलं काहीतरी शोधतात. बोटीवर ती चैन नाही. एमपीथ्रीने जेवढं गाळलं, त्याच्या दसपट इंजिन गाळतं.

पण हीच जर्मन मंडळी एका जागी अडली होती. ब्रांडनबुर्ग यांनी आपलं तंत्र ज्या गाण्यावर घासून घासून सुधारलं, ते सुझान व्हेगा या गायिकेचं होतं: वाद्यं अजिबात नाहीत, एकटा बायकी गळा. साथीला मोठा आवाज नसला की लपवायला आडोसा मिळत नाही आणि प्रत्येक चूक उघडी पडते. हे वाचलं तेव्हा मला धवळा आठवला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण बसते. उरण, पेण, अलिबाग, पनवेल या पट्ट्यात लग्नाचे विधी ती गाऊन लावते. मांडवापासून हळदीपर्यंत प्रत्येक कृत्याचा धवळा वेगळा. वाद्य नाही, माइक नाही, एक म्हातारी आणि तिच्यामागून ओढणाऱ्या दोघीतिघी. कॅसेट कंपन्यांनी हळदीची नाचाची गाणी भरभरून विकली, पण तासन् तास चालणारा, नाचता न येणारा धवळा त्यांच्या बाजारात बसला नाही. तो रेकॉर्ड झाला असेल तर कुणाच्या तरी नातवाच्या फोनवर.

आणि तिथेही त्याची गंमत झाली. दोन हजार दहाच्या सुमाराच्या साध्या फोनचा रेकॉर्डर आवाज एएमआर या स्वरूपात साठवत असे. ते बनलं होतं फोनवरच्या बोलण्यासाठी. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा ठेवायचा, वरचं-खालचं टाकून द्यायचं. बोलणं कळतं, गळ्याची धार जाते. म्हणजे हजारदा विकलं गेलेलं सिनेमाचं गाणं कार्डावर बऱ्या अवस्थेत आणि एकदाच म्हटला गेलेला आजीचा धवळा ट्रंक कॉलसारखा. शिवाय एएमआर फाइल गाड्यांतल्या आणि बोटींवरच्या बऱ्याच प्लेअरना वाचताच येत नाही. यादीत नावही दिसत नाही. ज्यांच्या घरी अशी फाइल आहे त्यांनी ती संगणकावर नेऊन साध्या वेव्ह स्वरूपात उतरवून ठेवावी. गेलेली धार परत येणार नाही, पण निदान फाइल वाजेल. याच किनाऱ्यावरच्या कोर्लई गावची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली बोलणारे हजारभर लोक असतील नसतील. त्या बोलीतल्या गाण्यांचा बाजार तर कधीच होणार नाही. अशा गाण्यांना फोनच्या पोटाखेरीज दुसरं कपाट नाही.

जमिनीवर साठवलेल्या गाण्याची किंमत कळायला एक वादळ यावं लागलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांमधली रोठा सुपारीची आणि नारळाची झाडं शेकड्यांनी आडवी झाली, विजेचे खांब वाकले, टॉवर बंद पडले. काही गावांत वीज यायला आठवडे लागले. करोनाची टाळेबंदी आधीपासून होतीच. किनाऱ्यावर राहून सगळं गाव रेंजपलीकडे गेलं. रिक्षाच्या बॅटरीवर, कुणाच्या जनरेटरवर फोन चार्ज करायला रांगा लागत आणि मिळालेला चार्ज लोक जपून वापरत. त्या दिवसांत इंटरनेटवरची यादी निरुपयोगी होती. चाललं ते रेडिओ, आणि बीएल-५सी बॅटरीवर चालणारे छोटे डबे. नोकियाच्या फोनसाठी आलेली ही चपटी बॅटरी फोन गेले तरी राहिली, कारण स्वस्त स्पीकर-प्लेअर करणाऱ्यांनी तिलाच धरून ठेवलं. टपरीवरही मिळते.

ओटीवरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी २०१७ साली दुसरं यंत्र आलं, सारेगामाचं कारवाँ. सारेगामा म्हणजे जुनी एचएमव्हीच. पाच हजार गाणी आत भरलेली, दिसायला जुन्या रेडिओसारखं, पुढे फिरवायचं बटण. मुंबईतल्या मुलांनी गावी आईवडिलांना ते दिवाळीला, साठीला दिलं. नागाव-चौलच्या वाड्यांमधून संध्याकाळी ते ऐकू येतं. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. यंत्र चांगलं आहे, पण निवड कंपनीची. आपल्या गावची बारी त्यात घालायची तर पुन्हा मागच्या खाचेत पेनड्राइव्ह खुपसावा लागतो, आणि तो खुपसलेला मी अनेक घरांत पाहिला आहे.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि गाणी भरण्याचा धंदा बसला. डेटा इतका स्वस्त झाला की कार्डाला दहा रुपये कोण देणार? दुकानं आता स्क्रीनगार्ड लावतात, रिचार्ज मारतात. गाणं यूट्यूबवर आलं आणि आगरी-कोळी गायकांना त्यातून नाव मिळालं, थोडे पैसेही मिळाले असतील. कार्डाच्या काळात त्यांना काहीच मिळत नव्हतं. दुकानदाराचे दहा रुपये दुकानदारालाच राहत. स्वामित्वहक्काच्या कायद्यात लग्नाच्या वरातीला आणि धार्मिक विधीला गाणं वाजवण्याची सूट आहे. कार्ड भरून विकण्याला नाही. ती सरळ चोरी होती. किनाऱ्यावरच्या कुणालाही ती चोरी वाटत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मात्र नव्या व्यवस्थेत गाणं आपलं राहत नाही, भाड्याचं होतं. पैसे भरून अ‍ॅपमध्ये उतरवून घेतलेलं गाणंसुद्धा भाड्याचंच. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायची असतील तर तीस दिवसांतून एकदा इंटरनेटला तोंड दाखवावं लागतं, आणि महिन्याचे पैसे थांबले की गाणी गेली. एअरटेलचं विंक म्युझिक २०२४ साली बंदच झालं. त्यात कुणी प्रेमाने रचलेल्या याद्या होत्या, त्यांना धक्का किंवा बंदर नव्हतं. आठ दिवसांच्या फेरीला तीस दिवसांची अट तशी आड येत नाही. पण बोटीवर एका यंत्रावर सात-आठ जणांचं ऐकणं असतं, अ‍ॅप एकाच्या फोनमध्ये असतं, आणि तो जाळ्यावर गेला की फोन कुलूपबंद. पेनड्राइव्हला पासवर्ड नाही. तांडेल बदलला, बोट विकली गेली, तरी तो टेपच्या तोंडात तसाच राहतो आणि नव्या नाखव्याला जुन्या नाखव्याची गाणी ऐकू येतात.

म्हणून जुलैच्या शेवटी, बोटी रंगवून होतात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहिली जाते, तेव्हा गाणी भरण्याचा छोटा हंगाम अजूनही येतो. आता दुकानदाराऐवजी घरातली कॉलेजात जाणारी पोरं ते करतात. यूट्यूबवरून उतरवलेल्या फायली, आवाज कमी-जास्त, मध्येच एखादी जाहिरात शिरलेली. खाऱ्या वाऱ्याने पेनड्राइव्हच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर खोडरबराने घासायच्या, तरी वाचला नाही तर नवा घ्यायचा. ही सगळी तयारी बिनबोभाट होते. अडचण सध्या दुसऱ्याच जागी आहे. नव्या स्मार्टफोनांतून आधी हेडफोनची जागा गेली आणि आता कार्डाची खाच जाऊ लागली आहे. महागडा फोन घेतलेल्या खलाशाला त्यात आपलं जुनं कार्ड घालताच येत नाही. त्यावर बंदरात निघालेला तोडगा असा की घरचा फोन वेगळा आणि बोटीचा वेगळा. बोटीचा म्हणजे बटणांचा, हजार-दीड हजाराचा, मागे मोठा स्पीकर, ३२ जीबीचं कार्ड घेणारा, टॉर्च असलेला. मासळी ससून गोदीला उतरली की तो मनीष मार्केटातून आणायचा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून केबिनच्या खिळ्याला टांगायचा. त्यात सिम घालायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.